थकवा आणि सजग स्वप्न

इ. स. १९०४ च्या सप्टेंबर महिन्यांत हॉलंडमधील एका डॉक्टराला एक चमत्कारिक स्वप्न पडलें. एका खिडकीपुढें टेबल होतें, त्यावर निरनिराळ्या वस्तु मांडलेल्या होत्या आणि डॉक्टर त्या टेबलापाशीं उभा होता. येथवर त्यांत विशेष कांहीं नाहीं. विशेष हें कीं, आपण स्वप्नांत आहों हें त्याला पक्कें ठाऊक होतें आणि या संधीचा फायदा घेऊन कोणता प्रयोग करावा, याचा तो शांतपणें विचार करीत होता. त्यानें कांचेची एक पट्टी दोन दगडांवर ठेविली आणि तिसऱ्या दगडानें तिच्यावर घाव घातला. कांच फुटेना. मग त्यानें मद्याचा एक नाजूक पेला घेऊन त्यावर मुठीचा जोरदार प्रहार केला. जागेपणीं असें करणें केवढें धोक्याचें ठरलें असतें, हेंहि त्याच क्षणीं त्याच्या मनांत आलें. पेला जसाच्या तसा राहिला. पण थोड्या वेळानें पुन्हां पाहतो तों तो फुटलेला! त्यानें तुकडे खिडकीबाहेर फेंकले, त्यांचा आवाज ऐकला आणि त्या आवाजानें दोन कुत्रे दूर पळालेले पाहिले. शेवटीं सुरईंतलें मद्य चाखून त्याची चव खरोखरीच्या मद्यासारखी आहे, अशी मनाशीं नोंदहि केली.

या डॉक्टराचें नांव फ्रेडरिक व्हॅन ईडन. तो मनोविकारांचा वैद्य होता आणि डच भाषेंतील नामांकित लेखकहि होता. आपल्या स्वप्नांची टिपणें तो वर्षानुवर्षें ठेवीत असे. इ. स. १९१३ मध्यें त्यानें लंडन येथील सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च या संस्थेपुढें एक निबंध वाचला आणि अशा स्वप्नांना ‘ल्यूसिड ड्रीम’ हें नांव दिलें. मराठींत त्यास ‘सजग स्वप्न’ म्हणतां येईल. झोंप मोडलेली नाहीं, स्वप्न चालूंच आहे, आणि तरीहि स्वप्न पाहणाराला तें स्वप्न असल्याचें भान आहे, अशी ही अवस्था होय.

कल्पना अर्थात् त्याहून जुनी आहे. झोंपेंत कधींकधीं मनच सांगतें कीं दिसतें आहे तें स्वप्न आहे, ही गोष्ट ॲरिस्टॉटलच्या ध्यानांत आली होती. जागृति, स्वप्न, सुषुप्ति आणि तुरीय या चार अवस्थांचें विवेचन मांडूक्य उपनिषदांत आहे, हें अनेकांस ठाऊक असेल. पॅरिसमधील चिनी भाषेचे पंडित हर्वे द सें-दनी यांनीं तर स्वप्नांना वळण कसें लावावें या विषयावर इ. स. १८६७ मध्यें एक ग्रंथच प्रसिद्ध केला. परंतु व्हॅन ईडनच्या टिपणांतील एक बारीकशी नोंद आजच्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत मोलाची आहे. १८९८ पासून १९१२ पर्यंत त्याला पडलेल्या सजग स्वप्नांची संख्या ३५२ भरली. आणि तीं सर्व, एकहि अपवाद न होतां, पहांटे पांच ते सकाळीं आठ या वेळांत पडलीं होतीं.

असें कां व्हावें? या प्रश्नाचें उत्तर व्हॅन ईडनला मिळणें शक्य नव्हतें. तो १९३२ सालीं वारला आणि उत्तराचा पहिला धागा १९५३ सालीं हातीं आला. त्या वर्षीं शिकागो विद्यापीठांतील ॲसरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनीं असें दाखवून दिलें कीं, झोंपेच्या कांहीं भागांत मिटलेल्या पापण्यांखालीं डोळे झपाट्यानें हालत असतात आणि त्या वेळीं जागें केल्यास माणूस बहुधा स्वप्न सांगतो. या झोंपेला ‘रेम’ निद्रा असें नांव पडलें. तिच्यांत हातापायांचे स्नायु शिथिल पडलेले असतात. डोळे मात्र मोकळे असतात. याचाच उपयोग करून इंग्लंडांतील हल विद्यापीठांत कीथ हर्न यांनीं १९७५ सालीं एक प्रयोग केला. ॲलन वर्स्ली नांवाच्या गृहस्थानें आपण स्वप्नांत आहों हें ओळखतांच, आगाऊ ठरल्याप्रमाणें, डोळे डावी-उजवीकडे हालवून खूण केली, आणि ती खूण यंत्राच्या कागदावर उमटली. अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथें स्टीफन लाबर्ज यांनींहि स्वतंत्रपणें हेंच सिद्ध केलें. सजग स्वप्न ही बढाई नव्हे, प्रत्यक्ष घडणारी गोष्ट आहे, याविषयीं मग संशय उरला नाहीं.

आतां रात्रीची वांटणी कशी होते तें पाहूं गेल्यास व्हॅन ईडनचें कोडें उलगडतें. प्रौढ माणसाची झोंप सुमारें दीड-दीड तासाच्या चार-पांच फेऱ्यांनीं पुरी होते. पहिल्या फेऱ्यांत गाढ निद्रेचा भाग मोठा आणि रेम निद्रा अगदीं थोडी, जेमतेम दहाएक मिनिटांची. उत्तररात्रीं गाढ निद्रा आटत जाते आणि रेम निद्रा अर्ध्या अर्ध्या तासापर्यंत लांबते. म्हणजे शरीराचा हिशेब आधीं चुकता होतो आणि स्वप्नांचा मोठा हप्ता पहांटे पदरांत पडतो.

थकवा नेमका येथेंच आडवा येतो. माणूस जितका अधिक वेळ जागा राहील तितका झोंपेचा दाब मेंदूंत सांचत जातो. ॲडेनोसिन नांवाचें एक द्रव्य या कामीं प्रमुख असतें, आणि चहा-कॉफीनें झोंप उडते ती याच द्रव्याची वाट अडविल्यामुळें. तो दाब नाहींसा होत नाहीं, केवळ कांहीं काळ जाणवत नाहीं. अशा ऋणको झालेल्या माणसानें अंथरुणाला पाठ टेकली कीं, गाढ निद्रा आपलें येणें प्रथम वसूल करते आणि स्वप्नांना ताटकळत बसावें लागतें. त्यांतून सहा तासांनीं गजर झाला म्हणजे आठांपैकीं गेलेले दोन तास नेमके पहांटेचे असतात. झोंप एक-चतुर्थांशानें घटली असें वरवर दिसतें. स्वप्नांच्या हिश्शाला लागलेली कात्री त्याहून पुष्कळच मोठी असते.

दुसरें नुकसान अधिक सूक्ष्म आहे. सजग स्वप्नास नुसतें स्वप्न पुरत नाहीं. त्यांत विवेक जागा व्हावा लागतो. ‘ही गोष्ट घडणें अशक्य, तेव्हां हें स्वप्न असलें पाहिजे’ असें ताडणारी शक्ति मेंदूच्या पुढच्या भागाशीं निगडित आहे. सामान्य रेम निद्रेंत हा भाग मंदावलेला असतो. सजग स्वप्नांत तो कांहीं अंशीं पुन्हां कामाला लागतो, असें अलीकडील निरीक्षणांतून दिसून आलें आहे. आणि जागरणाचा फटका ज्या शक्तींना आधीं बसतो, त्यांत लक्ष, सारासार विचार आणि ‘पुढें अमुक करावयाचें आहे’ याची आठवण या येतात. लाबर्ज यांची प्रसिद्ध रीत तर या आठवणीवरच उभी आहे: ‘पुढच्या स्वप्नांत तें स्वप्न असल्याचें ओळखीन’ असा संकल्प मनांत घोळवीत झोंपीं जावें. ज्याचे डोळे संकल्पाचें पहिलें वाक्य संपण्यापूर्वींच मिटतात, त्याचा संकल्प स्वप्नापर्यंत पोंचणार कसा?

येथें एक आक्षेप संभवतो. पुष्कळ दिवसांच्या जागरणानंतर पोटभर झोंप मिळाली म्हणजे स्वप्नें उलट अधिक आणि अधिक ठसठशीत पडतात, असा अनेकांचा अनुभव आहे. तो खराहि आहे. तुंबलेली रेम निद्रा त्या वेळीं व्याजासह परत येते. परंतु स्वप्न ठसठशीत असणें निराळें आणि त्यांत सजग असणें निराळें. पुराचें पाणी वाढलें म्हणून पोहणें येत नाहीं. उलट असें स्वप्न माणसाला इतकें ओढून नेतें कीं शंका घेण्यास उसंतच मिळत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘नार्कोलेप्सी’ हा अनावर झोंपेचा विकार जडलेल्यांना दिवसां भलत्या वेळीं झोंप येते, आणि तरीहि त्यांच्यांत सजग स्वप्नांचें प्रमाण इतरांहून अधिक आढळतें. मग थकवा बाधक कसा? याचें उत्तर असें कीं, ते रोगी जागृतींतून बहुधा थेट रेम निद्रेंत उतरतात; मधला गाढ निद्रेचा डोह त्यांना ओलांडावा लागत नाहीं. म्हणजे सजगतेला उपयोगी पडते ती झोंपेची गुंगी नव्हे, तर जागृति आणि स्वप्न यांची जवळीक. निरोगी माणसाला ही जवळीक पहांटेच लाभते.

म्हणूनच प्रयोगकर्ते एक युक्ति सांगतात. पांच-सहा तास झोंपावें, मग उठून अर्धा-पाऊण तास जागें राहावें, संकल्प करावा आणि पुन्हां निजावें. युक्ति फलदायी आहे. पण ती कोणाला? सकाळीं ज्याला आणखी दोन तास निजतां येईल त्याला. पहांटे पाण्याच्या नळासाठीं उठणारी गृहिणी, रात्रपाळीचा कामगार किंवा तान्ह्या मुलाची आई यांनीं हा प्रयोग केल्यास स्वप्न हातीं लागेलच असें नाहीं. झोंप मात्र निश्चित जाईल. दिवसभर दुसऱ्याच्या हुकमाखालीं राबणाराला निदान रात्रीं तरी स्वतःच्या मर्जीनें उडावें, फिरावें असें वाटलें तर त्यांत गैर कांहीं नाहीं. दुर्दैव एवढेंच कीं, या मोकळीकीची ज्याला सर्वांत अधिक गरज, त्याच्याच वांट्याला ती सर्वांत कमी येते.

तथापि निराश होण्याचें कारण नाहीं. आजवरच्या पाहण्यांचा एकत्र विचार करतां, निम्म्याहून अधिक लोकांना आयुष्यांत एकदां तरी असें स्वप्न पडलेलें असतें. ज्याला त्याची हौस आहे त्यानें युक्त्यांच्या आधीं झोंपेचें देणें फेडावें: रोज ठराविक वेळीं निजावें, संध्याकाळनंतरचा चहा सोडावा आणि सुटीच्या दिवशीं पहांटेची झोंप न मोडतां उठल्याबरोबर स्वप्न टिपून ठेवावें. व्हॅन ईडननें आपल्या निबंधांत आवर्जून सांगितलें होतें कीं, त्याच्या सजग स्वप्नांच्या वेळींहि त्याची झोंप गाढ आणि ताजेंतवानें करणारीच असे. त्याच्या ३५२ स्वप्नांमागें ही विसांवलेली झोंप होती. स्वप्नांत जागें व्हावयाचें असेल, तर आधीं पुरतें झोंपलें पाहिजे.