आहेर आणि भिशी
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील मनोगत)

संयोजकांनी मला आभाराचे चार शब्द बोलायला सांगितलं आहे. आभार मानतेच, पण थोडा हिशेबही मांडते. पतसंस्थेत बावीस वर्षं काढली, त्यामुळे हिशेबाशिवाय बोलणं जमत नाही.

मला पेम्फिगस व्हल्गॅरिस नावाचा त्वचेचा आजार आहे. यात शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच त्वचेच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या प्रथिनांवर उलटते. पेशी सुटतात, फोड येतात, फुटतात आणि ओली जखम राहते. माझं तोंडापासून सुरू झालं. भाकरी सोडाच, ताकसुद्धा झोंबायचं. मग पाठ गेली. चादर जखमेला चिकटू नये म्हणून वॉर्डात केळीच्या पानावर झोपवायचे. हा आजार संसर्गजन्य नाही, तेव्हा माझ्या पंगतीला बसणाऱ्यांनी निर्धास्त जेवावं!

उपचार आहेत. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला यावर पल्स थेरपी सुरू केली. दर २८ दिवसांनी तीन दिवस सलाइनमधून औषध घ्यायचं, असे महिनोन् महिने. आता रिटुक्सिमॅबही देतात. भारतीय कंपनीचं रिटुक्सिमॅब २००७ मध्ये बाजारात आलं, तरी आमच्यासारख्या घराला त्याचं बिल जडच. शिवाय स्टेरॉइडमुळे वाढलेली साखर, हाडांसाठी कॅल्शियम, रक्ततपासण्या, ड्रेसिंग, एसटीचं भाडं आणि बिनपगारी रजा. हा खर्च एकदा होऊन संपत नाही, तो दर महिन्याला दारात उभा असतो.

भाच्याने ऑनलाइन मदतीचं आवाहन टाकायचं ठरवलं. तिथल्या माणसाने फोनवर सांगितलं, ‘जखमांचे फोटो द्या, पैसे लवकर जमतात.’ त्याचं म्हणणं खोटं नसेल. पण हृदयाच्या रोग्याला हृदय उघडून दाखवावं लागत नाही. आमच्या आजाराचा पुरावा मात्र अंगावरच असतो, आणि एकदा इंटरनेटवर गेलेला फोटो जखम भरली तरी तिथेच राहतो. लेकीच्या लग्नाचं वय होतं. मी फक्त पट्टी बांधलेल्या हाताचा फोटो दिला.

पहिल्या दहा दिवसांत बऱ्यापैकी पैसे आले. त्यातून रिटुक्सिमॅबचे दोन डोस झाले. ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. नंतर मात्र ओघ आटला. यात कुणाचा दोष नाही. एकरकमी ऑपरेशनला आवाहन चालतं, कारण त्याला शेवट असतो. दोन वर्षांनी पुन्हा तेच मागितलं, तर वाचणारा म्हणणारच, ‘अजून बरी नाही झाली?’

अशा वेळी आपल्या बॅचने वेगळं काम केलं. एक्केचाळीस जणांनी महिन्याला प्रत्येकी दोनशे रुपये काढले. पैसे थेट औषधाच्या दुकानात आणि लॅबमध्ये जातात, पावत्या दोघांकडे असतात. फोटो कुणी मागितला नाही. ऑनलाइन मदत म्हणजे आहेर; मोठ्या मनाने, पण एकदाच दिलेला. तुम्ही केली ती भिशी. फरक इतकाच की दर महिन्याला एकाच बाईचा नंबर लागतोय!

आपण पन्नाशी ओलांडली आहे. उद्या आणखी कुणाला गरज लागेल, म्हणून मी शिकलेल्या तीन गोष्टी सांगते. आधी धर्मादाय रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला भेटा. कायद्याने तिथल्या १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. दुसरं, महात्मा फुले योजनेचा उपयोग मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर होतो, घरी चालणाऱ्या गोळ्यांचा खर्च आपल्यालाच भागवावा लागतो. तिसरं, नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात एकूण ५०,००० रुपयांपेक्षा जास्त देणगी आली, तर ती करपात्र ठरू शकते. सीएला आधी विचारा.

माझी एक विनंती आहे. आता माझी औषधं कमी होत आली आहेत, पण ही भिशी बंद करू नका. ती बॅचच्या नावाने चालू ठेवा, दीर्घ आजारात सापडलेल्या कुणाही वर्गमित्रासाठी. गरज कुणाची आहे हे दोघांनाच माहीत असावं, ग्रुपवर नाव नको, फोटो तर नकोच. आणि त्या माणसाला ‘बरा झालास का?’ असं विचारू नका. ‘या महिन्याचं भागलं का?’ एवढंच विचारा. त्याचं उत्तर देणं सोपं जातं.

पुढच्या महिन्यापासून माझेही दोनशे रुपये धरा.