राणीचा मुखडा, आईचे नाव

अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात. आज तेथे जुन्या बंदराची गजबज नाही. पण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने आपल्या भूगोलात या गावाची नोंद केली आहे, नि कान्हेरीच्या लेण्यांत 'चेमूल' गावचे दाते आपल्याला भेटतात.

त्याच शतकात, १४० च्या सुमारास, तिकडे रोममध्ये सम्राट अँटोनायनस पायस याची राणी फाउस्टिना वारली. सिनेटने तिला देवत्व दिले, भर चौकात तिचे देऊळ उभारले, आणि पितळ-तांब्याच्या नाण्यांवरही तिचा मुखडा आला. डोक्यावर वेण्यांचा अंबाडा, भोवती अक्षरे 'दिवा फाउस्टिना'. हा दिवा समईतला नव्हे बरे का! लॅटिनमधला तो शब्द आपल्या 'देवी'चा भाऊबंद आहे. मागच्या बाजूला कधी चिरंतनतेची मूर्ती असे. सम्राट १६१ मध्ये वारला; तोवर वीस वर्षे ही नाणी पडत राहिली. पाव विकत घेणाऱ्या गरिबाच्या मुठीतही राणी होतीच.

आपल्याकडे व्यापारातून आले ते मुख्यतः रोमचे सोने नि चांदी. हा खुर्दा बहुतेक तिकडच्याच बाजारात फिरला. मग आपल्या नाण्यांवर बाई नव्हतीच का? होती, पण निराळ्या रीतीने. त्याच काळी पैठणास सातवाहन राजा पुळुमावी राज्य करीत होता. त्याच्या नाण्यांवरचा प्राकृत लेख सांगतो : वासिष्ठीपुत्र श्री पुळुमावी राजाचे. आधी आई, मग राजा! १८८२ मध्ये सोपाऱ्याच्या स्तूपात सापडलेले चांदीचे नाणेही एका गौतमीपुत्राचेच, यज्ञ सातकर्णीचे. अर्थात वासिष्ठी, गौतमी ही आईच्या गोत्रावरून आलेली नावे. फाउस्टिनाचा अंबाडासुद्धा आपल्याला ठाऊक आहे, वासिष्ठीचा चेहरा मात्र नाही. तिचे जे काही उरले, ते या चार अक्षरांत.

म्हणूनच सांगतो. एका वाडीत मला चिंचेने घासून लखलखीत केलेले तांब्याचे नाणे मोठ्या कौतुकाने दाखवण्यात आले. हत्ती ओळखू येत होता, अक्षरे पार गेली होती. तो कोणत्या आईचा मुलगा, आता कोण सांगणार? आळे खणताना तुम्हाला असे हिरवट नाणे मिळाले, तर ते मातीसकट कागदात गुंडाळा आणि मामलेदार कचेरीत नेऊन दाखवा. दहा रुपयांवरच्या भूमिगत ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असा १८७८ चा कायदाच आहे. चिंच आमटीला ठेवा.