केशवराव दाते : आरशासमोरचे काकासाहेब



माझी आजी बिजवराला दिलेली. 'कुंकू' सिनेमाचा विषय निघाला की ती काकासाहेबांच्या नावानं बोटं मोडायची. म्हणून ती भूमिका करणाऱ्या केशवराव दाते यांच्याबद्दल बोलताना मला सर्वांत आधी काकासाहेबच आठवतात.

१९३७ सालचा हा प्रभातचा बोलपट. काकासाहेब म्हणजे उतारवयातले विधुर वकील. नीरा या तरुण मुलीचं त्यांच्याशी फसवून लग्न लावलं जातं. शांता आपटेंची नीरा त्यांना नवरा मानायला साफ नकार देते, आणि हे गृहस्थ आरशासमोर उभं राहून मिशांना कलप लावतात. प्रेक्षकांना हसू येतं. पण केशवराव हसवायला उभे राहिलेलेच नाहीत. तरुण दिसायची ती धडपड ते इतक्या कळकळीनं करतात की आपलं हसू अर्ध्यावर विरतं. त्यांचा जन्म १८८९ चा, म्हणजे तेव्हा त्यांनी पन्नाशीही गाठलेली नव्हती! शिवाय दिग्दर्शक शांतारामबापूंनी या चित्रपटाला पार्श्वसंगीतच दिलं नाही. घड्याळाची टिकटिक, घरातले आवाज, एवढंच. अभिनय जरा कमी पडला तर सावरून घ्यायला सारंगी नव्हती.

हे बळ रंगभूमीचं. महाराष्ट्र नाटक मंडळीत घडलेला हा नट १९३३ साली नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'मध्येही होता. घरात बोलतात तसं रंगमंचावर बोलू पाहणारं ते नाटक. पुढे कॅमेरा अगदी तोंडाशी आला, तेव्हा ही सवय केशवरावांच्या कामी आली असणार.

'अमृतमंथन'च्या मराठी आवृत्तीतला राजगुरूही त्यांचाच. हिंदीत ती भूमिका चंद्रमोहननं केली, आणि त्याच्या डोळ्यांपुढे मराठीतला राजगुरू लोक विसरले. मला हा अन्याय वाटतो. 'शेजारी'तले जिवबा पाटील मात्र विसरले गेले नाहीत. जागीरदारांचे मिर्झा आणि हे जिवबा, दोघं बुद्धिबळाचा पट मांडून बसले की गावातल्या ओसरीवरच आपण बसलो आहोत असं वाटतं. पुढे 'डॉ. कोटणीस'मध्ये ते वडील झाले, 'झनक झनक पायल बाजे'त नृत्यगुरू. १९७१ साली ते गेले.

पण मी पुन्हा 'कुंकू'कडेच येतो. शेवटी काकासाहेबांना आपली चूक उमगते. ते नीरेला मुलगी मानतात, आणि तिला मोकळं करण्यासाठी पत्र लिहून स्वतःचा जीव देतात. तिथे आजी दरवेळी रडायची. एकदा मी विचारलं, "आजी, तू नीरेसाठी रडतेस ना?"

"तिचं काय, ती सुटली," आजी म्हणाली. "त्या म्हाताऱ्यासाठी रडतेय रे." आणि तिनं पदर डोळ्यांना लावला.