पस्तीस टक्के काळीज

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)



माझ्या थोरल्या भावाला, भाईजानना, हृदयविकाराचा झटका आला. दवाखाना जवळ होता, अँजिओप्लास्टी वेळेवर झाली. तिसऱ्या दिवशी टू-डी इकोचा कागद हाती आला. त्यावर लिहिलं होतं, ‘ई.एफ. ३५ टक्के’. भाईजान हायस्कुलातून निवृत्त झालेले मास्तर. चष्मा पुसून त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, “काठावर पास!”

आम्ही हसलो. भाभी मात्र बाहेरच्या बाकावर बसून रडत होत्या. त्यांनी हिशेब केला होता की ३५ टक्केच काळीज उरलं, बाकीचं मेलं.

दोघांचाही हिशेब चुकीचा होता. हृदयाचा डावा कप्पा रक्तानं भरतो आणि ठोक्याबरोबर त्यातलं काही रक्त बाहेर फेकतो. किती फेकलं, त्याचं हे प्रमाण. शंभर टक्के रक्त कुणाचंच हृदय फेकत नाही. धडधाकट माणसाचा आकडा साधारण ५५ ते ७० असतो. म्हणजे पेपर शंभराचा नव्हताच. ३५ हा आकडा काळजीचा आहे, पण म्हणून दोन तृतीयांश हृदय गेलं असा त्याचा अर्थ होत नाही. हे भाभींना समजावून सांगायला मला एक दुपार लागली.

त्याच संध्याकाळी पुतण्या आला. तो बायोकेमिस्ट्रीचा एम.एस्सी. “चाचा, अब्बांच्या रक्तातले ग्रोथ फॅक्टर तपासून घेऊ. ते वाढलेले निघाले तर समजायचं, हृदय भरून येतंय.”

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मला हे ऐकायला फार गोड वाटलं. रक्तातून निरोप जातात, ‘इथं नवी वाहिनी काढा, इथली जखम भरा’. ग्रोथ फॅक्टर म्हणजे असेच निरोप नेणारी प्रथिनं. त्यातलं एक व्हीईजीएफ. हृदयाच्या स्नायूला प्राणवायू कमी पडला की ते जास्त तयार होतं आणि नव्या केशवाहिन्या फुटायला मदत करतं. दुसरं एचजीएफ. १९८४ साली जपानी संशोधकांनी यकृताचा मोठा भाग काढलेल्या उंदरांच्या रक्तातून ते वेगळं काढायला सुरुवात केली, म्हणून त्याच्या नावात यकृत आहे. पण हृदयाला इजा झाली तरी ते रक्तात वाढतं. मला याची गंमत वाटली. आमच्या घरात कलेजी म्हणजे यकृत, आणि मी कवितेत काळीज लिहितो ते हृदयासाठी. शब्दांनी केलेली ही सरमिसळ रक्तानंही केलेली दिसते. तिसरं जीडीएफ-१५. झटक्यानंतर काही तासांतच ते वर चढतं.

दुसऱ्या दिवशी पुतण्यानं हा विषय डॉक्टरांपुढे काढला. ते म्हणाले, “अरे, वाड्याला आग लागल्यावर बंबाला किती फोन गेले, ते तू मोजतोयस. फोन जास्त गेले म्हणजे आग विझली का?”

आमचा गैरसमज नेमका इथं होता. ग्रोथ म्हणजे वाढ आणि वाढ म्हणजे चांगली, असं आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात झटक्याच्या वेळी ज्यांचं जीडीएफ-१५ जास्त असतं, त्यांच्यात पुढे मृत्यूचं आणि हृदय कमजोर पडण्याचं प्रमाण अधिक आढळलं आहे. हाक मोठी असली, तर बहुतेकदा दुखणंही मोठं असतं. आणि नुसती हाक वाढवून भागत नाही. हृदयाला रक्त कमी पडणाऱ्या १७८ रुग्णांवर व्हीईजीएफ बाहेरून देऊन पाहिल्याचा एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. साठाव्या दिवशी, औषध मिळालेले रुग्ण आणि औषध म्हणून नुसतं द्रावण मिळालेले रुग्ण यांच्यात फरक दिसला नाही.

शिवाय आकडा कसा घेतला, यावरही बरंच अवलंबून असतं. रक्त गोठू दिलं तर प्लेटलेटमधलं व्हीईजीएफ बाहेर येतं आणि आकडा फुगतो. रक्त पातळ ठेवणारं हेपॅरिनचं इंजेक्शन दिलं की एचजीएफ वाढतं, मग हृदयाला काही झालेलं असो वा नसो. भाईजानना ते पहिल्याच दिवशी दिलं होतं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीनं जीडीएफ-१५ वाढतं, आणि ती गोळी तर ते दहा वर्षं घेतायत. ते वयानं वाढतं, मूत्रपिंडाच्या आजारात वाढतं, गरोदरपणी तर खूपच वाढतं. हजारो रुग्णांचा अभ्यास करणाऱ्याला या आकड्यांतून बरंच काही कळतं. पण एका भाईजानच्या खाटेशेजारी उभं राहून ‘हृदय भरतंय’ म्हणायला ते पुरत नाहीत. पुतण्या गप्प झाला. मला वाटतं, त्याला विज्ञानापेक्षा दिलासा हवा होता.

रोजच्या वापरातल्या रक्ततपासण्या वेगळ्या आहेत. ट्रोपोनिन सांगतं की स्नायूला इजा झाली. बीएनपी सांगतं की हृदयावर ताण आहे. हे बीएनपी १९८८ साली डुकराच्या मेंदूत सापडलं, म्हणून नावात मेंदू. पुढे कळलं, ते मुख्यतः हृदयातूनच येतं. नावांचं असंच चालायचं.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, “चाळीस दिवसांनी पुन्हा इको करू.” झटक्यानं स्नायूचा काही भाग मरतो, पण काही भाग नुसता सुन्न पडतो आणि रक्तपुरवठा परत मिळाल्यावर हळूहळू कामाला लागतो. म्हणून पहिल्या आठवड्यातला आकडा शेवटचा मानत नाहीत. आकडा ३५ किंवा त्याखाली राहिला तर शॉक देणारं यंत्र छातीत बसवायचं का, हेही किमान चाळीस दिवस थांबूनच ठरवतात. आमच्यात चाळीस दिवस मोजतात ते दोनदा, बाळंतिणीचे आणि मयताचे. भाभींना त्या वेळी कुठले आठवले, ते मी विचारलं नाही.

त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारत. भाईजान आधी अंगणात, मग गल्लीच्या टोकापर्यंत चालू लागले. मिठाची बरणी भाभींनी वरच्या फळीवर ठेवली.

एकेचाळिसाव्या दिवशी इको झाला. आकडा आला ४६. भाईजाननी कागद दोनदा वाचला आणि डॉक्टरांना विचारलं, “पेपर फेरतपासणीला कुणी दिला होता?” डॉक्टर हसले आणि सहा महिन्यांनंतरची तारीख लिहून देत म्हणाले, “एकही गोळी बंद करायची नाही.”