कडी लावून ऐकलेल्या बातम्या





माध्यमे आणि हुकूमशाहीला मिळणारा लोकांचा पाठिंबा, हा आपल्या परिषदेचा विषय. आम्हा मराठवाड्याच्या माणसांनी तो सोसलेला आहे. गोदाकाठच्या या विष्णुपुरीतल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते स्वामी रामानंद तीर्थ ज्या निजामी राजवटीशी लढले, तिला वर्तमानपत्रांची भीती वाटे. आ. कृ. वाघमारे यांना ‘मराठवाडा’ साप्ताहिक पुण्याहून काढावे लागले. संस्थानात बंदी आली की ते नाव बदलून यायचे. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी हैदराबादने भारतात सामील व्हावे असे लिहिले. २२ ऑगस्ट १९४८ च्या रात्री त्यांची हत्या झाली, लिहिणारा हातही तोडला गेला. हैदराबादच्या मुक्तीला तेव्हा महिनासुद्धा उरला नव्हता.

आणीबाणी आली तेव्हा मी शाळेत होतो. सकाळच्या बातम्या वडील मोठ्या आवाजात लावत. रात्री मात्र दाराला कडी घालून, रेडिओ उशाशी घेऊन, खरखरीतून बीबीसीच्या हिंदी बातम्या ऐकत. सकाळचा देश आणि रात्रीचा देश एक नव्हता, एवढे मलाही कळे. तेव्हाचे मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण आमच्या नांदेडचेच. त्यांच्या नावाच्या शंकरसागराचे पाणी आम्ही पितो, ते ऋण मोठे आहे. पण त्याच काळात ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव तुरुंगात होते, हेही याच गावात उभे राहून सांगितले पाहिजे.

“तेव्हा गाड्या वेळेवर धावायच्या,” असे आजही पारावर कुणीतरी म्हणते. ती माणसे खोटे बोलत नाहीत. त्यांच्यापर्यंत तेवढेच पोचू दिले गेले. सक्तीच्या नसबंदीची, विनाचौकशी डांबलेल्यांची बातमी सेन्सॉरच्या टेबलावरच अडली. मला वाटते, हुकूमशाहीचा पाठिंबा छापलेल्या स्तुतीपेक्षा न छापलेल्या बातम्यांवर जास्त उभा असतो.

ते दिवस छापखान्यात, कचेरीत, तुरुंगात काढलेली माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. विद्यार्थी मित्रहो, परिषद संपली की मोबाइल घेऊन त्यांच्या ओसरीवर जाऊन बसा आणि त्या न छापलेल्या बातम्या त्यांच्या तोंडून नोंदवून घ्या. या दिवाळीच्या आत घ्या.