गुरचरणातलं रान कुणाच्या नावावर?

(२५ डिसेंबरला महाडला जमलेल्या पोरांपुढं केलेलं भाषण)



मी गोदीत माल उतरवतो. दहावीपुढं गेलो नाही. कविता लिहितो, पण आज वाचणार नाही. आज एका नव्या धंद्याबद्दल बोलायचंय. महाड-पोलादपूरच्या गुरचरणांवर त्याची नजर आज ना उद्या पडणार.

धंदा असा. उघड्या माळावर चराई बंद करायची, वणवा थोपवायचा, इथलीच झाडं वाढू द्यायची. झाड हवेतला कार्बन खोडात साठवतं. एक टन कार्बन डायऑक्साइड हवेतून कमी झाला की एक क्रेडिट. ते दूरची कंपनी विकत घेते आणि आपला धूर चालू ठेवते. बोटींचा धूर मी रोज गिळतो, त्यामुळं हा हिशेब मला फार समजावावा लागला नाही.

रान येईल, ह्यात खोटं नाही. राबासाठी टहाळ तोडून, जाळून, चारून डोंगर बोडके झाले, तरी जमिनीत ऐन-किंजळाची खुंटं जिवंत असतात. काही पावसाळे शेंड्याला तोंड लागलं नाही की ती उठतात. करवंदीच्या जाळीआड जांभूळ, हिरडा डोकं काढतो. मलाही रान हवंय. २२ जुलै २०२१ ला तळियेवर डोंगर कोसळला. झाडांनी तो अडवला असता असं मी म्हणत नाही, पण बोडका उतार कुणाच्याच भल्याचा नाही.

माझं भांडण झाडाशी नाही, कागदाशी आहे.

क्रेडिट हवं तर आधी दाखवावं लागतं की जमीन उजाड होती, आमच्यामुळं रान आलं. म्हणजे कागदावर ‘पडीक’. मग भारा आणणारी बाई, कातकऱ्याचं खोपट, गवळी-धनगराची म्हैस, बौद्धवाडीची शेळी, सगळी त्या एका शब्दाखाली गाडली. चराई बंद झाली म्हणून शेळी शेजारच्या रानात शिरली, तर त्या तोट्याला त्यांच्या हिशेबात नाव आहे: गळती. आमचं पोट म्हणजे त्यांची गळती! ज्याची भातशेती आहे तो पेंढा घालून गुरं गोठ्यात बांधील. ज्याला बांधच नाही त्यानं शेळी काय कुडाला बांधायची? (२०१५ च्या कायद्यानंतर म्हातारा बैल कसायाला विकता येत नाही. तो मोकाट सुटतो नि शेंडे खातो. ती गळती कुणाच्या नावावर?)

गायरान म्हणजे नुसतं गवत नव्हे. पडीक जमिनीसाठी १९५९ आणि १९६४-६५ ला दादासाहेब गायकवाडांमागं भूमिहीन तुरुंगात गेले. १९९१ च्या जी.आर.नं १४ एप्रिल १९९० पर्यंत दलित-आदिवासींनी कसलेली गायरानं नियमित करायची ठरली. २०११ ला सुप्रीम कोर्टानं गायरानं मोकळी करा म्हटलं, पण भूमिहीनांना सरकारी पट्टा असेल तर अपवाद ठेवला. ६ ऑक्टोबर २०२२ ला मुंबई हायकोर्टानं वर्षअखेर अतिक्रमणं काढायला सांगितली. तेव्हा आकडा होता २ लाख २२ हजारांवर बांधकामांचा. अपवाद वाचतो कोण? आणि वनहक्क कायदा म्हणाल, तर तो जंगलजमिनीचा. गडचिरोलीत मेंढा-लेखाला २००९ मध्ये त्याच्या जोरावर रानाचा हक्क मिळाला, ग्रामसभेनं स्वतःचा बांबू विकला. गुरचरण महसूलचं, तिथं तो कायदा हात देत नाही.

ह्याच महाडात चवदार तळ्यावर जनावरं पाणी पीत होती नि माणसाला बंदी होती. १९२७ च्या सत्याग्रहानंतर सवर्ण कोर्टात गेले, म्हणाले तळं खाजगी आहे. १७ मार्च १९३७ पर्यंत, म्हणजे हायकोर्टाचा निकाल लागेपर्यंत, बाबासाहेबांना ते लढावं लागलं. १९२७ च्याच डिसेंबरच्या परिषदेला जागा कुणी देईना, फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं आपली दिली. जमीन कुणाच्या नावावर, हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

तेव्हा काम सांगतो. जयंतीला गावी जाल, तेव्हा तलाठ्याकडून गुरचरणाचा सातबारा काढा. वाडीतल्या बायकांना विचारून लिहा: कोण कुठं चारतं, कोण कुठून सरपण आणतं, कुणाचं घर कधीपासून. आधी अर्धंच गुरचरण बंद करायचं. शेंडे गुरांच्या तोंडावर गेले की ते उघडायचं, दुसरं बंद. राखणीची मजुरी वाडीला, क्रेडिटचा पैसा यादीतल्या घरांना. करार वीस-तीस-चाळीस वर्षांचे असतात, तेवढ्यात सरपंच आठ बदलतील. म्हणून यादी कंपनीच्या आधी ठरावात गेली पाहिजे. १ मेला ग्रामसभा असते. अर्ज दोन प्रतीत द्या, आणि पोचेवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.