'नॉनशलंट' म्हणजे काय?



सातवी शिकलेली बाई इंग्रजी शब्दावर बोलायला उभी राहिली म्हणून हसू नका. शब्द आपण होऊन आपल्या घरात आला आहे. मोबाइलवर पाहून मुले एकमेकांना कौतुकाने म्हणतात, "काय नॉनशलंट आहे!" म्हणजे कशाचेच काही वाटून घेत नाही.

मी मुलाकडून शब्दकोश वाचून घेतला. शब्द फ्रेंचांचा; इंग्रजीत 18 व्या शतकात आला. 'नॉन' म्हणजे नाही, आणि पुढचा भाग ज्या लॅटिन क्रियापदापासून निघाला त्याचा अर्थ ऊन असणे, तापणे. डॉक्टर मोजायला सांगतात त्या कॅलऱ्याही त्याच कुळातल्या! थोडक्यात, ज्याला धग लागत नाही तो. आपणही म्हणतोच की, 'त्याला कशाची आच नाही', 'हिला झळ पोचत नाही'.

पण मराठीत नेमका शब्द कोणता? 'निष्काळजी' बाईचे दूध उतू जाते. तो दोष कामातला. 'बेपर्वा' माणूस दुसऱ्याला जुमानत नाही. 'सोयरसुतक नाही' म्हटले की नातेच तुटले. नॉनशलंट यांपैकी एकही नव्हे. तो शब्द वरच्या चेहऱ्यापुरता आहे. आत काय चालले आहे, ते तो सांगतच नाही.

माझ्या धाकटीच्या प्रगतिपुस्तकात शाळेतल्या बाईंनी हाच शब्द तक्रार म्हणून लिहिला. भेटून विचारले, तेव्हा कळले की पोरगी वह्या वेळेवर देत नाही. मग सरळ निष्काळजी म्हणावे! त्याचे औषध घरात आहे.

आमच्या जाऊबाईंचे मात्र वेगळे. सासूबाई दोन वर्षे अंथरुणावर होत्या. त्यांचे हगणे-मुतणे जाऊबाईंनी काढले, कूस बदलायला रात्री उठल्या. सासूबाई गेल्या त्या दिवशी आल्या-गेल्यांचा चहा, भटजींचे सामान, सारे कोरड्या डोळ्यांनी पाहिले. तेराव्यापर्यंत बायका कुजबुजत होत्या, "हिला काही वाटलेच नाही बाई." बोलणाऱ्यांपैकी एकीनेही त्या दोन वर्षांत उशाशी एक रात्र काढली नव्हती.

मुलांच्या भाषेत जाऊबाई नॉनशलंटच ठरतील. मला तो शब्द त्यांना लावायचा नाही. 'धीराची' जवळचा वाटतो, पण पुरता बसत नाही. कुणाला याहून बरा सुचला तर चहाच्या वेळी मला जरूर सांगा.